नक्कल खाली ठेवून संहिता हातात घेताना

डिचोलीकडच्या एका अभिनेत्रीनं विचारलं आहे. वय 31. शाळेत असल्यापासून जत्रेतली नाटकं, मग कला अकादमीच्या नाट्यस्पर्धा, दोनदा अभिनयाचं बक्षीस, त्यानंतर मुंबईत जाऊन तीन मराठी मालिका. आता स्वतः सिनेमा दिग्दर्शित करायचा आहे. गोष्ट आजीची आहे. आजी तरुणपणी जत्रेच्या नाटकांत कामं करायची, आणि घरात आजही त्यावर कुणी बोलत नाही. तिला हे जाणून घ्यायचं आहे: अभिनय सोडावा लागेल का, कोर्स करावा का, युनिट माझं ऐकेल का, मुख्य भूमिका मीच करू का, मराठीत करू की कोकणीत, गोव्यात राहून जमेल का. आणि शेवटी: "ताई, घरचे म्हणतात, नटीनं नटीचं काम करावं."

मी याच वाटेनं आले. फोंडा तालुक्यातल्या गावात वाढले, सतराव्या वर्षी देवळासमोरच्या मांडवात पहिलं नाटक केलं, मुंबईत अकरा वर्षं मालिका केल्या आणि चौतिसाव्या वर्षी दिग्दर्शनाच्या बाजूला आले. आजवर चार लघुपट आणि एक पूर्ण लांबीचा चित्रपट झाला. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी घरच्यांचं. फातमा बेगम मूकपटांतल्या नटी. त्यांनी 1926 साली 'बुलबुल-ए-परिस्तान' दिग्दर्शित केला, आणि भारतातली पहिली स्त्री दिग्दर्शक म्हणून त्यांचंच नाव घेतलं जातं. शोभना समर्थ यांनी 1950 मध्ये 'हमारी बेटी' दिग्दर्शित करून नूतनला नायिका म्हणून उभं केलं. म्हणजे तू काही जगावेगळं मागत नाहीयेस. जवळजवळ शंभर वर्षांची ही वहिवाट आहे. घरच्यांशी वाद घालत बसू नकोस, एवढं त्यांना सांग आणि कामाला लाग.

आता खरी गोष्ट. आपल्याकडे नाटकाच्या तालमीआधी नकला उतरवतात, तुला माहीत आहे. प्रत्येकाच्या नकलेत त्याची स्वतःची वाक्यं आणि त्याआधीच्या पात्राच्या वाक्याचं शेपूट, बस. गावच्या नाटकात पुरुष पात्रं गावचीच असतात, स्त्री कलाकार बऱ्याचदा बाहेरून बोलावलेली. तिला नक्कल आधी पाठवायची, ती आदल्या दिवशी नाहीतर त्याच संध्याकाळी येणार, एक रंगीत तालीम, आणि मध्यरात्री पडदा वर. मी अशी कित्येक नाटकं केली, ज्यांचा तिसरा अंक मी कधी पूर्ण वाचलाच नाही, कारण त्यात मी नव्हते. काम चांगलं व्हायचं, टाळ्या पडायच्या. पण पंधरा-वीस वर्षं असं काम केलं की डोळ्यांना नकलेची सवय लागते. आपलं वाक्य कुठे, आपली एन्ट्री कुठे, आपला क्लोज कधी. दिग्दर्शनात येताना कॅमेऱ्याचं तंत्र शिकावं लागतं ते शिकता येतं, दोन वर्षांत येतं. ही सवय मोडणं त्याहून कितीतरी अवघड आहे. मला चार वर्षं लागली आणि एक लघुपट त्यात जवळजवळ वाया जाणार होता.

तो किस्सा सांगते, कारण तुझ्याही गोष्टीत म्हातारी आहे.

पहिला लघुपट सावईवेरेजवळच्या एका जुन्या घरात केला. चार दिवस, अकरा माणसं. एक म्हातारी आई, शहरातून आलेली मुलगी, आणि घर विकायचा विषय. आईच्या भूमिकेसाठी मी जत्रेच्या नाटकांत आयुष्य घालवलेल्या एक बाई घेतल्या. आवाज खणखणीत, पाठांतर पक्कं, सत्तरी उलटलेली. पहिल्या दिवशी त्यांचं मुख्य वाक्य होतं, "विकता तर विक, म्हाका विचारू नाका." म्हणजे विकायचं तर विक, मला विचारू नकोस. त्या ते वाक्य मांडवातल्या शेवटच्या रांगेला ऐकू जाईल असं म्हणायच्या. मी म्हटलं, मावशी, जरा कमी. त्यांनी आवाज कमी केला, त्याबरोबर जीवही गेला. मग मी नटीनं करावं तेच केलं. त्यांच्या जागी जाऊन बसले आणि ते वाक्य स्वतः म्हणून दाखवलं. चांगलं म्हटलं होतं मी. युनिटमधली दोन पोरं गप्प झाली. मावशींनी माझ्याकडे पाहिलं, हुबेहूब तसंच म्हटलं, मान कुठे वळवायची तेही धरून. सात टेक झाले. सातही टेकमध्ये पडद्यावर मी होते, त्या नव्हत्या.

रात्री झोप लागली नाही. मावशींना माझं काय लागत होतं? काहीच नाही. त्यांना करायला काहीतरी हवं होतं. दुसऱ्या दिवशी स्वयंपाकघरात त्यांच्यासमोर आदोळी, म्हणजे खवणीची विळी, ठेवली, नारळाची एक कड, म्हणजे अर्धा नारळ, हातात दिली आणि एवढंच सांगितलं: ही कड पूर्ण खवून होईपर्यंत तुम्ही बोलायचं नाही, मुलगी काहीही म्हणाली तरी. आणि मुलीला उंबरठ्यावरून उठवून त्यांच्या अगदी गुडघ्याला गुडघा लागेल अशी खाली बसवली. समोरचं माणूस हातभर अंतरावर असलं की आवाज आपोआप खाली येतो, तो कमी कर म्हणून सांगावं लागत नाही. मावशी खवत राहिल्या. खवण्याची लय मध्येच एकदा थांबली, पुन्हा सुरू झाली. कड संपली, करवंटी खाली ठेवली, पदराला हात पुसला आणि वाक्य आलं, जवळजवळ कुजबुजल्यासारखं. पहिला टेक ओके.

त्या दिवसापासून मी नटांना करून दाखवत नाही. वाक्य कसं म्हणायचं ते कधीही नाही. "इथे तू खूप दुखावलेली आहेस" हेही सांगत नाही. विशेषणावर नट काम करू शकत नाही, क्रियापदावर करू शकतो. "तिला आत येऊ देऊ नकोस", "त्याच्याकडून किल्ली काढून घे", "ती रडेल असं काही बोलू नकोस" असं दिलं की नट स्वतःची वाट शोधतो. नट म्हणून आपल्याला कुठल्या दिग्दर्शकाच्या सूचनेनं मदत झाली होती ते आठवून बघ, अशीच निघेल.

पण किस्सा इथे संपत नाही. संकलनाला बसलो तेव्हा दुसरी चूक उघडी पडली, आणि ती पहिलीपेक्षा मोठी होती. मावशींचं वाक्य मिळालं होतं, पण ते ऐकणारी मुलगी माझ्याकडे नव्हती. मी मावशींचा मिड घेतला, क्लोज घेतला, हातांचा घेतला, आदोळीचा घेतला. मुलीचा एक ओव्हर शोल्डर, म्हणजे मावशींच्या खांद्यावरून, तोही तिच्या स्वतःच्या वाक्यांपुरता. का? कारण माझ्या डोक्यात अजून नक्कल होती. ज्याचं वाक्य, त्याच्यावर कॅमेरा. संकलकानं सीन तीनदा लावून पाहिला आणि म्हणाला, "ताई, म्हातारी बोलतेय खरी, पण कुणाला?" मग त्यानं सगळं फुटेज चाळलं आणि एका टेकच्या सुरुवातीला, ॲक्शन म्हणण्याआधीचे काही सेकंद शोधून काढले. लाइटवाले काहीतरी ठीक करत होते आणि ती मुलगी नुसती खाली बघत थांबली होती. थकलेली, घरची आठवण आल्यासारखी. ते तुकडे मावशींच्या वाक्यावर लावले आणि सीन उभा राहिला. लघुपट पाहिलेल्या लोकांनी त्या मुलीच्या अभिनयाचं जे कौतुक केलं ते त्या काही सेकंदांचं होतं.

म्हणून दोन सवयी लाव. एक, शॉट संपला असं वाटल्यावर लगेच कट म्हणू नकोस, मनात पाच मोज. दोन, प्रत्येक सीनचं शॉट डिव्हिजन करताना आधी समासात लिही की या सीनमध्ये ऐकतंय कोण. बोलणारा कोण ते संहितेत लिहिलेलंच असतं.

आता तुझ्या प्रश्नांकडे. पहिला सिनेमा लघुपटच करायचा, हे धरून लिहिते.

अभिनय सोडू नकोस. निदान आत्ता तरी नको. पोटाचा प्रश्न आहेच, लघुपटानं भाडं निघत नाही. पण त्याहून मोठं कारण म्हणजे तू आता ज्या सेटवर आहेस तो तुझा वर्ग आहे. मालिकेत नटीचा बहुतेक वेळ वाट पाहण्यात जातो. बारा तासांच्या शिफ्टमध्ये कॅमेऱ्यासमोर आपण किती वेळ असतो ते तुला माहीत आहे. तो वेळ मेकअप रूममध्ये मोबाइलवर घालवू नकोस. एक जाड वही घे. डाव्या पानावर शॉट झाल्या झाल्या लिहायचं: कॅमेरा कुठे होता, किती लांब होता, लेन्स कुठली होती, मला आतून काय वाटलं, कुठे खोटं वाटलं. लेन्सचा आकडा कॅमेऱ्यावरच्या सहायकाला विचारला तर तो आनंदानं सांगतो, हे सहसा कुणी नट विचारत नाही. मग तोच भाग टीव्हीवर लागला की उजव्या पानावर लिहायचं: पडद्यावर काय आलं. मी ही वही चौदा महिने लिहिली. आपण जिथे जीव ओतला तिथे पडद्यावर काहीच नाही, आणि जिथे नुसतं दार लावलं तिथे डोळे भरून येतात, हे मला कुठल्याही पुस्तकानं इतकं नीट शिकवलं नसतं. तीस आणि पन्नासच्या लेन्सनं चेहऱ्याचं काय होतं, पंच्याऐंशीनं मागचं घर कसं विरघळतं, हेही तिथेच डोळ्यांत बसलं.

त्यानंतर एका चित्रपटावर कंटिन्यूइटी सांभाळण्याचं काम मिळव. सहायक म्हणून, शेवटच्या नंबरवर. मी हे चौतिसाव्या वर्षी केलं. सोबतची पोरं बावीस-तेवीसची होती, आणि काल मला मॅडम म्हणणारा प्रॉडक्शनचा माणूस आज जेवणाच्या वेळी शेवटच्या टेबलाकडे बोट दाखवायचा. त्या निर्मितीनं श्रेयनामावलीत माझं नावही घातलं नाही. दुखलं. तरी ते काम मी पुन्हा करीन. कारण कंटिन्यूइटीवाल्याला सगळ्यांकडे बघावं लागतं: कुणाच्या कुठल्या हातात पेला होता, कुंकू किती पुसलं होतं, कोण कुठल्या शब्दावर वळलं. नकलेची सवय मोडायला यापेक्षा चांगलं औषध मला सापडलेलं नाही. आणि एक महिना तरी संकलकाच्या मागे खुर्ची टाकून बस. बोलायचं नाही, बघायचं.

कोर्स? पुण्याची एफटीआयआय ही चित्रपट शिकवणारी संस्था 1960 मध्ये स्थापन झाली, तिथे छोटे अभ्यासक्रमही होतात. पटकथेचा किंवा संकलनाचा एखादा केलास तर उपयोग होईल. दिग्दर्शनाचा लांबलचक कोर्स तुझ्या वयाला आणि अनुभवाला मी सुचवणार नाही. त्याच काळात आणि त्याच पैशांत दोन लघुपट होतात.

नट्या दिग्दर्शनात आल्या त्या एकाच दारानं आल्या नाहीत, हेही ध्यानात घे. विजया मेहता रंगभूमीवरून आल्या. जयवंत दळवींचं 'बॅरिस्टर' आधी रंगमंचावर बसवलं, त्यावरूनच 'रावसाहेब' हा चित्रपट केला, आणि त्यातल्याच भूमिकेसाठी त्यांना सहायक अभिनेत्रीचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. स्मिता तळवलकर निर्मितीच्या बाजूनं आल्या. आधी चित्रपट काढले, पैसा आणि माणसं कशी चालतात ते हाताखालून घातलं, मग 1993 चा 'सवत माझी लाडकी' दिग्दर्शित केला. अपर्णा सेन 1961 च्या 'तीन कन्या'त शाळकरी वयाच्या होत्या आणि '36 चौरंगी लेन' आला 1981 मध्ये. मधे वीस वर्षं गेली. त्या चित्रपटाची पटकथा त्यांनी स्वतः लिहिली, शशी कपूर निर्माते झाले आणि दिग्दर्शनाचा राष्ट्रीय पुरस्कार पहिल्याच चित्रपटाला मिळाला. रेणुका शहाणे यांनी आईच्या, म्हणजे शांता गोखले यांच्या कादंबरीवरून 'रीटा' केला, आणि 2021 मध्ये स्वतः लिहिलेला 'त्रिभंग'.

या सगळ्यांत तुझं दार लिखाणाचं आहे असं मला ठामपणे वाटतं. दुसऱ्याची संहिता घेऊन कुणी नवख्या दिग्दर्शिकेवर पैसे लावत नाही. पण आजीची गोष्ट तुझ्याशिवाय कुणाकडे नाही. ती पूर्ण लिही. मालिकेतून येणाऱ्यांना वाटतं की संवाद लिहिले म्हणजे संहिता झाली. तसं नाही. आजी नाटकातून पहाटे घरी परत येते तेव्हा दार कोण उघडतं, तिच्या तोंडावरचा रंग कुणी पाहिला, पाण्याचा तांब्या कुठे ठेवलेला असतो, हे लिही. संवाद शेवटी.

आणि बाय, एक नाजूक गोष्ट. गोव्यात रंगमंचावरच्या आणि गाण्यातल्या बायकांचा इतिहास आपण अभिमानानं सांगतो आणि घरात लपवतो. केसरबाई केरकर, मोगूबाई कुर्डीकर, ज्योत्स्ना भोळे, ही नावं आपल्याच केरीची, कुर्डीची, बांदिवड्याची. 1933 मध्ये 'आंधळ्यांची शाळा' आलं, त्यात ज्योत्स्नाबाई होत्या, आणि स्त्रियांची कामं स्त्रियांनीच करणं तेव्हाही नवलाचं होतं. पण ज्यांचं नाव झालं नाही, एका रात्रीच्या बिदागीवर गावोगाव गेल्या, त्यांच्या नातवंडांच्या घरी आजही फोटो ट्रंकेत असतात. तुझी आजी हयात असेल तर आधी तिला विचार. हयात नसेल तर जी मावशी-आत्या तिच्याबद्दल बोलायला तयार आहे तिच्याजवळ बस, रेकॉर्डर बंद ठेवून. नाव बदलायचं, गाव बदलायचं, की तसंच ठेवायचं हे घरच्यांशी बोलून लिहिण्याआधी ठरव. शूटिंगच्या आदल्या दिवशी मामा येऊन घराला कुलूप लावतो तेव्हा फार नुकसान होतं. हे मी पाहिलेलं आहे.

भाषेचा प्रश्न आपल्याकडे तापतो, म्हणून लोक तो टाळतात. मी टाळत नाही. आपल्या कितीतरी घरांत बोलणं कोकणीत आणि नाटक, पोथी, अभंग मराठीत असं पिढ्यान्‌पिढ्या चालत आलं आहे. तुझी आजी चुलीपुढे कोकणीत बोलत असेल आणि रंगमंचावर शुद्ध मराठीत. तर सिनेमातही तसंच येऊ दे. दोन्हींच्या मधल्या त्या उंबरठ्यावरच तुझी गोष्ट उभी आहे, तो सपाट करू नकोस. फक्त अर्जात भाषेचा रकाना असतो, सेन्सॉरच्या आणि महोत्सवांच्याही. तिथे काय लिहायचं ते निर्मात्याशी आधी बोलून ठेव, ऐनवेळी वाद नको.

युनिट ऐकेल का? पहिल्या दिवशी नाही. तू काही सांगितलंस की गॅफर, म्हणजे लाइटचा प्रमुख, डीओपीकडे, म्हणजे छायाचित्रकाराकडे बघेल, डीओपीनं मान हलवली की हलेल. मला याचा फार राग यायचा. मग लक्षात आलं की युनिटला आवाजापेक्षा निर्णय हवा असतो. सकाळी सातला आलेल्या माणसांना पहिला शॉट कुठला, तो झाल्यावर कॅमेरा कुठे फिरणार, जेवणाआधी काय संपवायचं, हे कळलं की ती माणसं तुझी. म्हणून रेकीला, म्हणजे जागा बघायला, डीओपीला घेऊन जा, तेही ज्या वेळेला शूट करायचं त्याच वेळेला. आपल्या जुन्या घरांच्या राजांगणात, म्हणजे मधल्या चौकात, भर दुपारी ऊन सरळ खाली येतं, तुळशीवर पांढरा डाग पडतो आणि भोवतालचा सोपा काळोखात जातो. सकाळी पाहून ठरवलेला शॉट दुपारी मिळत नाही. आणि मनात नसलेलं होय म्हणू नकोस. "मला दोन मिनिटं द्या" असं म्हणण्यानं दिग्दर्शकाची पत जात नाही. घेतलेला निर्णय तीनदा बदलण्यानं जाते.

ध्वनीची रेकीही कर, हे बहुतेक जण विसरतात. सकाळ-संध्याकाळ पाव विकणाऱ्या पोदेराची सायकल पों-पों करत येणार. समोरच्या कुळागरात, म्हणजे माडा-पोफळीच्या बागेत, नारळ काढणारा पाडेली चढला की नारळ पडल्याचा आवाज. पावसाळ्यात बेडूक आणि रातकिडे असे लागतात की कुजबुजीचा सीन लाइव्ह मिळतच नाही. पाऊस दिसायला फार सुंदर दिसतो, पण चार दिवसांच्या लघुपटात जूनमध्ये पावसाची कंटिन्यूइटी सांभाळणं नवख्या माणसानं अंगावर घेऊ नये. नोव्हेंबर ते फेब्रुवारी कर. तेव्हा जत्राही असतात, आणि तुला खराखुरा मांडव, खरे प्रेक्षक, अर्धवट झोपलेली मुलं, चण्याच्या गाड्या हे सगळं आयतं मिळेल. देवस्थान समितीची परवानगी लेखी घे. इतर जागांच्या शूटिंगच्या परवानगीसाठी पणजीला गोवा मनोरंजन संस्थेकडे जावं लागतं. जुन्या गोव्यातल्या संरक्षित वास्तूंसाठी पुरातत्त्व खात्याची वाट वेगळी आणि वेळखाऊ आहे, म्हणून पहिल्या लघुपटात तिकडे जाऊच नकोस.

मुख्य भूमिका तू करायची का? पहिल्यात नको. '36 चौरंगी लेन'मध्ये अपर्णा सेन पडद्यावर नाहीत. कोंकणा सेन शर्मा 'अ डेथ इन द गंज'मध्ये नाहीत. मृण्मयी देशपांडे 'मन फकिरा'त नाही. याउलट मृणाल कुलकर्णी यांनी 'रमा माधव' दिग्दर्शित करून त्यात गोपिकाबाईही केल्या, म्हणजे जमतं. पण त्यासाठी मॉनिटरवर असा माणूस लागतो जो तुला तोंडावर "हे खोटं झालं" म्हणेल, आणि असा माणूस कमवायला वेळ लागतो. तुझ्या बाबतीत आणखी एक धोका आहे. आजीची भूमिका तू केलीस तर तू आजीला न्याय द्यायला बघशील. तिचा दोष, तिचा हट्ट, तिनं घरातल्या कुणाला दुखावलं असेल तर ते, हे सगळं नकळत वगळलं जाईल. बाहेरची नटी ते वगळणार नाही.

दिग्दर्शन केलंस की अभिनयाचे फोन काही काळ कमी येतात, हे खरं आहे. कास्टिंगवाल्यांना वाटतं हिला आता वेळ नाही, किंवा ही सेटवर शहाणपण शिकवेल. माझे जवळजवळ दीड वर्षं बंद होते. उपाय साधा आहे: दर दोन-तीन महिन्यांनी ओळखीच्या चार लोकांना स्वतःहून कळव की मी काम करते आहे. आणि दुसऱ्याच्या सेटवर गेल्यावर दिग्दर्शनाबद्दल, विचारल्याशिवाय, एक शब्द बोलू नकोस.

गोवा की मुंबई? शिकायला आणि कमवायला मुंबई, करायला गोवा, असं मी तरी केलं. इफ्फी, म्हणजे भारताचा आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव, 2004 पासून इथे आहे, आणि दर नोव्हेंबरमध्ये जगातले सिनेमे आपल्या दारात येतात. प्रतिनिधी म्हणून नोंदणी कर, नऊ दिवस सुट्टी काढ, दिवसाला तीनच सिनेमे बघ आणि प्रत्येकानंतर वहीत लिही. त्याच दिवसांत एनएफडीसीचा, म्हणजे राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळाचा, फिल्म बाजार भरतो, 2007 पासून; आता त्याला 'वेव्हज फिल्म बाजार' म्हणतात. तिथे सिनेमा करणारे आणि पैसे लावणारे भेटतात. तिथली नोंदणी वेगळी आणि महाग असते. हातात पूर्ण पटकथा असेल तर पटकथा लेखनाची लॅब, रफ कट, म्हणजे कच्चं संकलन, असेल तर वर्क-इन-प्रोग्रेस लॅब, यांना अर्ज करता येतो, आणि त्यांच्या मुदती नोव्हेंबरच्या बऱ्याच आधी संपतात. नुसती कल्पना घेऊन तिथे फिरू नकोस, पाठीमागे लोक विसरून जातात. सरकारची चित्रपट अर्थसाहाय्य योजना आहे, मनोरंजन संस्थेमार्फत. अर्ज जरूर कर, ताजे नियम वाचून कर, पण त्या पैशांवर शूटिंगची तारीख बांधू नकोस. तारीख स्वतःच्या बचतीवर आणि युनिटच्या मोकळ्या दिवसांवर बांध.

लघुपट किती मिनिटांचा? पंधरा. पंधरा मिनिटांच्या पुढे महोत्सवांच्या आयोजकांना वेळापत्रकात बसवणं जड जातं, आणि आपल्यालाही पहिल्यांदा तेवढंच पेलतं. म्हणजे साधारण पंधरा पानं. आजीच्या सगळ्या आयुष्यातली एकच रात्र घे. ती नाटकाला जाते ती रात्र की परत येते ती पहाट, तुझं तू ठरव. मी असते तर पहाट घेतली असती.

एक खर्डा झाला की मला दाखव. जत्रांच्या दिवसांत मी फोंड्यातच असते. समासात प्रत्येक सीनपुढे ऐकणाऱ्याचं नाव लिहून आण, म्हणजे बोलायला तिथूनच सुरुवात करता येईल.